युनियनमधलं सुतारकाम आणि त्यातली वेगवेगळी कसबं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी गणपतीच्या आधी शिकागोजवळच्या आमच्या मंडळात मखर उभं करायला मी जातो. कमरेला हत्यारांचा पट्टा दिसला की कोणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "तुम्ही कारपेंटर ना? मग आमच्या किचनची कपाटं कराल?" मी किचनची कपाटं करत नाही. मी मेटलच्या भिंती आणि ऑफिस-हॉस्पिटलांची छतं, म्हणजे फॉल्स सिलिंग, बसवतो. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: "मग कारपेंटर कसले?" सांगलीकडून भाच्यांचे, त्यांच्या मित्रांचे फोन येतात, त्यांचेही प्रश्न हेच असतात. प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

ही युनियन नक्की कोणती?

युनायटेड ब्रदरहूड ऑफ कारपेंटर्स अँड जॉइनर्स ऑफ अमेरिका. ऑगस्ट १८८१ मध्ये शिकागोत ११ शहरांतले ३६ सुतार-प्रतिनिधी जमले आणि ती स्थापन झाली. पीटर मॅग्वायर तिचा पहिला सचिव. तेव्हा सुतार दिवसाला दहा-दहा तास राबत आणि कंत्राटदार तुकड्यावर काम देऊन मजुरी पाडत. १ मे १८९० ला आठ तासांच्या दिवसासाठी जो मोठा लढा झाला, त्यात अमेरिकेतल्या कामगार युनियनांच्या महासंघाने सुतारांना पुढे केलं होतं. त्यानंतर सव्वा महिन्यात, १० जून १८९० ला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ही दोन टोकांची माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. तरी या दोन तारखा मी नेहमी एकत्रच लक्षात ठेवतो.

आज युनियनचे सुमारे पाच लाख सभासद अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. गावोगावच्या शाखांना 'लोकल' म्हणतात, त्यांच्या वर विभागीय कौन्सिल, आणि सगळ्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्र लास वेगासला.

कारपेंटर म्हणजे लाकूडकाम करणारा ना? मग मेटल, काँक्रीट, टर्बाइन हे सगळं त्यात कसं आलं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो.

माझे वडील गावचे सुतार. बारा बलुतेदारांतलं घर. नांगर, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा, देव्हारा, सगळं एकाच माणसाच्या हातचं. बाभळीचं खोड बघून ते सांगायचे की यातून जू निघेल की नाही. अमेरिकेतही सुरुवातीला सुतार असाच होता, घर पायापासून छपरापर्यंत एकटा बांधणारा. मग इमारती उंच झाल्या आणि जिथे लाकूड होतं तिथे दुसरं काहीतरी आलं. लाकडी चौकटीच्या जागी लोखंडी चौकट, लाकडी पट्ट्यांवरच्या गिलाव्याच्या जागी जिप्समचा बोर्ड, लाकडी खांबाच्या जागी काँक्रीट.

तेव्हा वाद उभा राहिला की हे काम कोणाचं. युनियनने घेतलेली भूमिका अशी: सामान बदललं तरी कसब तेच आहे. दार लाकडाचं असो वा पत्र्याचं, ते ओळंब्यात आणि पाणसळीत बसवायचं काम सुताराचंच. यावरून पत्राकाम करणाऱ्यांच्या युनियनशी मोठं भांडण पेटलं. १९०९ मध्ये इमारत कामगारांच्या महासंघाने धातूच्या चौकटी-पट्ट्यांचं काम पत्रेवाल्यांना दिलं, सुतारांनी ते मानलं नाही, आणि १९२८ पर्यंत ते भांडण चाललं. आज आम्ही हॉस्पिटलात लोखंडी दारं बसवतो त्यामागे त्या माणसांची वीस वर्षं आहेत.

म्हणून 'कारपेंटर' हे इथे एका छत्रीचं नाव आहे. तिच्याखाली ज्यांची हत्यारं एकमेकांशी जुळत नाहीत असे डझनभर तरी व्यवसाय आहेत.

इंटिरियर सिस्टिम्स म्हणजे काय? तुम्ही दिवसभर करता काय?

माझं काम हेच, तेव्हा इथे थोडा रेंगाळतो.

मेटलचे स्टड म्हणजे पत्र्याचे उभे खांब, साधारण १६ इंचांच्या अंतराने. खाली-वर पत्र्याचा ट्रॅक. त्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचा बोर्ड, ज्याला इथे ड्रायवॉल म्हणतात. आपल्याकडे ऑफिसांत पार्टिशन करतात ते याच जातीचं. पण इथे प्रत्येक भिंतीला नकाशात नंबर असतो आणि त्या नंबरामागे अर्थ असतो: ही भिंत एक तास आग अडवेल, ही दोन तास, ही आवाज अडवेल, ही छतापर्यंत जाईल, ही नाही. दोन तासांच्या भिंतीला एक स्क्रू चुकीच्या अंतरावर मारला तर वरून काही कळत नाही. म्हणून बोर्ड झाकण्याआधी इन्स्पेक्टर येतो. आणि म्हणूनच मी म्हणतो की हे काम मन लावूनच करायचं असतं. जे झाकलं जाणार आहे तेच कोणाचा तरी जीव वाचवणार असतं.

छताचं उदाहरण देतो. खोली १३ फूट रुंद आहे, टाइल दोन फुटी चौकोनी. नवशिका एका भिंतीपासून सुरू करतो, सहा टाइल पूर्ण लागतात आणि दुसऱ्या भिंतीला एक फुटाची अर्धी टाइल उरते. एका बाजूला अख्खी, दुसऱ्या बाजूला अर्धी. मग तो म्हणतो, बरं, खोलीच्या मध्यावर सांधा धरू. तसं केलं तर दोन्हीकडे सहा-सहा इंचांच्या चिरफळ्या उरतात, त्या आणखी वाईट. जाणकार माणूस मध्यरेषेवर टाइलचा मध्य ठेवतो. मग पाच अख्ख्या टाइल आणि दोन्ही कडांना १८-१८ इंच. खोलीत शिरणाऱ्याला काही जाणवत नाही, फक्त छत 'बरोबर' वाटतं. हे गणित रोज करायचं. तेही दिव्याच्या, एसीच्या आणि आग विझवणाऱ्या पाइपाच्या जागा सांभाळून. त्यानंतर वरच्या स्लॅबमधून चार-चार फुटांवर तारा सोडायच्या, लेझर लावायचा आणि जाळी एका पातळीत आणायची. वडील हेच काम पाण्याने भरलेल्या नळीने करायचे.

यातच पूर्वी 'लेदर' (lather, चामड्याशी संबंध नाही) नावाचा वेगळा धंदा होता. गिलाव्यामागची जाळी आणि पट्ट्या बसवणारे हे लोक. त्यांची स्वतंत्र युनियन १९७९ मध्ये आमच्यात विलीन झाली. गोल छत, कमानी, वळणदार भिंती आल्या की त्यांच्या तालमीतला माणूस शोधावा लागतो.

बोर्डाचे सांधे भरून गुळगुळीत करणं मात्र बऱ्याच शहरांत रंगाऱ्यांच्या युनियनचं काम आहे. आम्ही त्याला हात लावत नाही.

फॉर्मवर्क म्हणजे आपलं सेंट्रिंगच ना?

हो, सेंट्रिंग, शटरिंग. काँक्रीट ओतण्याआधीचा साचा. तुम्ही मुंबई-पुण्यात साइटवर सेंट्रिंगचा मिस्त्री पाहिला असेल, तर हे काम लगेच ओळखीचं वाटेल. बांबू-बल्ल्यांऐवजी इथे स्टील आणि ॲल्युमिनियमचे मोठे पॅनेल असतात, क्रेनने उचलून मजल्यामागून मजला वर नेतात. पण जोखीम तीच.

ओल्या काँक्रीटचं वजन घनफुटाला सुमारे १५० पौंड. १२ फूट उंच भिंत भराभर भरली तर तळाशी साच्यावर दर चौरस फुटाला १,८०० पौंड रेटा येतो. शिकाऊ असताना एका साइटवर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. साचा बांधणाऱ्या सळ्यांपैकी दोन-तीन घाईत नीट आवळल्या नव्हत्या. आधी एक टिचकी वाजावी तसा आवाज आला. फोरमन ओरडला, "मागे व्हा." आणि पॅनेलचं पोट फुगलं, फुटलं, गुडघाभर काँक्रीट जमिनीवर. कोणाला लागलं नाही. मग तीन तास फावडी. त्या दिवसानंतर दुसऱ्याने आवळलेली सळईसुद्धा मी हाताने तपासल्याशिवाय सोडत नाही.

हे उघड्यावरचं काम आहे. शिकागोच्या जानेवारीत बाहेर उभं राहायची तयारी हवी. पण ज्यांना इमारत वर चढताना बघायची आवड आहे, ते दुसरीकडे रमत नाहीत.

मिलराइट हा शब्द पहिल्यांदा ऐकला. हे काय?

'मिल' म्हणजे चक्की. मिलराइट म्हणजे मूळचा पाणचक्की किंवा पवनचक्की बांधणारा सुतार. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर कल्पना करा: पाण्याने फिरणारं चक्र, आस आणि वर फिरणारं जातं. युरोपात असली दातेरी चाकंसुद्धा लाकडाची असत. तो सुतार लाकडाकडून लोखंडाकडे गेला आणि आजचा मिलराइट झाला. मला आमच्या सगळ्या शाखांत हीच वाट सर्वांत विलक्षण वाटते.

आज हे लोक वीजनिर्मिती केंद्रातले टर्बाइन, मोटारींच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या रांगा, विमानतळावरचे सामानाचे पट्टे बसवतात आणि दुरुस्त करतात. आमचं माप इंचाच्या सोळाव्या भागात चालतं, त्यांचं हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण अशा तीन भागांइतका जाड असतो. त्यांना दोन शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे फिरते दांडे, याहून बारीक फरकात एका रेषेत आणावे लागतात.

माझा एक मिलराइट मित्र आहे. त्याने मला एकदा समजावलं: अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून मोठं वाफेचं टर्बाइन बहुधा मिनिटाला ३,६०० फेरे फिरतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ३,०००. त्या वेगाला थोडासा तिरकेपणासुद्धा बेअरिंग खाऊन टाकतो. शिवाय यंत्र तापलं की फुगतं. त्यामुळे थंड असताना ते मुद्दाम थोडं खाली-वर बसवायचं, म्हणजे तापल्यावर बरोबर रेषेत येईल. हे ऐकून मी थक्क झालो. मुद्दाम चुकीचं बसवायचं, कारण उद्या ते बरोबर होणार आहे!

ज्याला गणित आवडतं, ड्रॉइंग वाचायला आवडतं, यंत्राचा आवाज कान देऊन ऐकायला आवडतो, त्याने हा मार्ग जरूर बघावा. आयटीआयमधून फिटर होऊन आलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बंद ठेवलेल्या वीजकेंद्रांवर दुरुस्तीच्या हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि गावोगाव फिरती असते, ही दुसरी बाजू.

पाइल ड्रायव्हर आणि पाणबुडे सुतारांच्या युनियनमध्ये कसे?

पूर्वी धक्के आणि पूल यांचा पाया म्हणजे जमिनीत ठोकलेले लाकडी खांब. लाकूड आलं, म्हणून सुतार आला. आता ते खांब स्टीलचे किंवा काँक्रीटचे असतात. क्रेनला टांगलेला डिझेलचा किंवा कंप देणारा हातोडा ते खाली ढकलतो. प्रत्येक फुटाला किती ठोके लागले हे मोजत राहायचं. ठोके वाढत गेले आणि खांब हलेनासा झाला, की खाली घट्ट थर लागला. वाहत्या पाण्यात पत्र्याच्या भिंतीने गोल कोंडाळं करून आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्यात पाया घालायचा, हेही त्यांचंच काम.

पाण्याखालचं उरतं ते पाणबुडे करतात. वरून नळीने हवा घेत, गढूळ पाण्यात, बहुतेक वेळा दिसत काहीच नसताना हाताने चाचपून वेल्डिंग आणि कटिंग. यात धाडस तर लागतंच, पण नियम कंटाळवाणे वाटले तरी तंतोतंत पाळण्याची शिस्त त्याहून जास्त लागते. फक्त थरारासाठी जाऊ नका.

फ्लोअरिंग? ते तर सोपं वाटतं.

अजिबात सोपं नाही. कार्पेट, व्हायनल, लिनोलियम, रबर, लाकडी फरशी, सगळं यात येतं. बसवण्याआधी खालच्या काँक्रीटमधला ओलावा मोजावा लागतो. ओलावा राहिला की सहा महिन्यांत फरशीला फोड येतात आणि दोष बसवणाऱ्यावर येतो. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात व्हायनलची फरशी भिंतीवर सहा इंच वळवून नेतात आणि सांधे तापवून वितळवून एकजीव करतात, म्हणजे जंतूंना लपायला कोपरा उरत नाही. वाकलेलं व्हायनल कोपऱ्यात कापताना बघणं हा एक अनुभव आहे. चाकूची एक रेघ, दुसरी संधी नाही.

सिरॅमिक टाइल आणि संगमरवर बहुतेक ठिकाणी गवंड्यांच्या युनियनकडे. काही शहरांत कार्पेट-व्हायनलही रंगाऱ्यांच्या युनियनकडे आहे. आपल्या भागात काय ते विचारून घ्या. आणि गुडघे जपा. पहिल्या दिवसापासून गुडघ्यांना पॅड बांधा.

मला लाकूडच आवडतं. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. कॅबिनेट आणि मिलवर्क. यात दोन वेगळी माणसं असतात. एक कारखान्यात कपाटं, काउंटर, कोर्टातल्या न्यायाधीशाचं आसन, हॉटेलातल्या भिंतींची लाकडी सजावट तयार करतो. दुसरा ते साइटवर नेऊन बसवतो. कारखान्यात आता संगणकावर चालणारी कापण्याची यंत्रं आहेत, पण व्हिनिअरच्या रेषा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर न तुटता नेणं अजून डोळ्याचंच काम आहे. साइटवरच्या माणसाची कसोटी वेगळी: कपाट सरळ असतं, भिंत कधीच सरळ नसते. कपाटाची कड भिंतीच्या वाकड्या रेषेबरहुकूम रंध्याने तासत नेऊन फट नाहीशी करायची.

वडिलांकडून सुतारकाम शिकलेल्या मुलांचा ओढा इथेच असतो, आणि ते योग्यच आहे. फक्त हे सांगतो की या शाखेत जागा कमी आहेत, आणि कारखान्यातला पगार बऱ्याच ठिकाणी साइटवरच्या पगारापेक्षा कमी असतो.

आणखी काय काय?

परांची बांधणारे. रिफायनऱ्या, वीजकेंद्रं आणि पुलांवर नळ्यांची परांची उभी करणं हा पूर्ण वेगळा धंदा आहे. आधी त्यांनी चढायचं, मग बाकीच्यांनी. बांबू आणि काथ्यावर दहा मजले चढणारी मुंबईची माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या हिमतीला तोड नाही. पण इथे दहा फुटांच्या वर कठडा किंवा पट्टा नसेल तर काम थांबतं, आणि ते थांबायलाच हवं.

प्रदर्शनांचं काम: शिकागोचं मॅकॉर्मिक प्लेस हे प्रदर्शन-केंद्र किंवा लास वेगास यांसारख्या ठिकाणी दोन-तीन दिवसांत स्टॉल उभे करायचे आणि दोन दिवसांत पाडायचे. घरांच्या लाकडी सांगाड्याचं काम, म्हणजे फ्रेमिंग, हेही आहे, पण घरबांधणीत बहुतेक भागांत युनियन कमी आहे.

हॉस्पिटलच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण असतं असं ऐकलं.

असतं, आणि मला त्याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो. जुनी भिंत किंवा छत उघडलं की धुळीबरोबर ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण उडतात. तुम्हा-आम्हाला त्याचं सहसा काही होत नाही. पण शेजारच्या वॉर्डात केमोथेरपी चालू असलेला किंवा अवयव बदललेला रुग्ण असेल, तर ते कण त्याच्या जिवावर बेतू शकतात.

म्हणून युनियन २४ तासांचा एक खास कोर्स देते. कामाच्या जागेभोवती हवाबंद आडोसा उभा करायचा. आतली हवा फिल्टरमधून बाहेर ओढत राहायची, म्हणजे आत दाब कमी राहतो आणि हवा बाहेरून आत येते, आतली बाहेर जात नाही. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो फिल्टर अडवतो. दाराशी चिकट चटई. राडारोडा झाकलेल्या गाडीतून, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी. आणि दाब दाखवणारं यंत्र पुन्हा पुन्हा बघून वहीत नोंदवायचं.

एकदा मुलांच्या हॉस्पिटलात असा आडोसा बांधत होतो. प्लास्टिकच्या पलीकडून सात-आठ वर्षांची, डोक्यावर केस नसलेली एक मुलगी बराच वेळ बघत उभी होती. तिने हात हलवला, मीही हलवला. त्या दिवशी मी टेपची प्रत्येक कड अंगठ्याने दोनदा दाबली.

शिकायचं कसं? फी किती?

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून. बहुतेक ठिकाणी चार वर्षं. आठवडाभर पगारी काम आणि मधूनमधून युनियनच्या प्रशिक्षण केंद्रात वर्ग. कॉलेजसारखी फी नाही. सभासद आणि कंत्राटदार यांच्या करारातून प्रत्येक तासाच्या कामामागे काही सेंट प्रशिक्षण निधीत जातात, त्यावर केंद्र चालतं. थोडी प्रवेश फी, मासिक वर्गणी आणि हत्यारं एवढा खर्च तुमचा.

पगार पूर्ण कारागिराच्या पगाराच्या टक्क्यांत ठरतो. सुरुवात निम्म्याच्या आसपास, आणि टप्प्याटप्प्याने वाढ. चार वर्षांनी तुम्ही जर्नीमन, म्हणजे पूर्ण कारागीर. त्यावर आरोग्य विमा आणि पेन्शन वेगळं. नोकरी सुटली, कंत्राटदार बदलला, तरी पेन्शन तुमच्याबरोबर चालतं. माझ्या मते हीच युनियनची खरी किंमत आहे, तासाच्या दरापेक्षाही. केंद्र सरकारच्या कामांवर तर १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यामुळे त्या भागातला ठरलेला दर युनियनबाहेरच्या कामगारालाही द्यावा लागतो.

शाखा निवडायची कशी? नंतर बदलता येते का?

काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच निवडावी लागते, काही ठिकाणी पहिल्या वर्षी सगळं थोडं थोडं शिकवतात. बदलता येते, पण मिलराइटसारख्या शाखेत जाताना बऱ्याचदा पुन्हा शिकाऊ व्हावं लागतं.

निवडताना लोक आधी पगार विचारतात. मी म्हणेन, आधी स्वतःला विचारा की वयाच्या पन्नाशीत हे काम करताना मी कसा दिसेन. थंडी सोसते का? उंचीची भीती? गुडघे कसे आहेत? रोज नवी जागा आवडते की एकच कारखाना? एकटं शांत काम हवं की टोळीत? आणि एक शाखा पक्की झाली की शेजारची दुसरी शिका. ऑफिसांची बांधकामं थंडावली तेव्हा हॉस्पिटलच्या प्रमाणपत्राने माझं घर चाललं. ज्यांना फक्त बोर्ड ठोकता येत होता ते आधी घरी बसले.

काम युनियन देते का? बेकारी येते का?

येते. खोटं बोलणार नाही. बांधकामात प्रत्येक काम संपतंच. मग लोकलच्या यादीत नाव घालायचं. कंत्राटदार माणूस मागतो, तेव्हा यादीतून आणि अंगच्या कसबावरून नावं जातात. बऱ्याच भागांत स्वतः साइटवर जाऊन काम मागायचीही मुभा आहे. मी माझ्या दोन सर्वांत चांगल्या नोकऱ्या तशाच मिळवल्या, सकाळी सहाला गेटवर उभं राहून. हिवाळ्यासाठी पैसे बाजूला ठेवायची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्या.

मी महाराष्ट्रात आहे. युनियन मला व्हिसा देईल का?

नाही. अप्रेंटिस व्हायला आधी या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क लागतो. बहुतेक जण माझ्यासारखे नात्यातून ग्रीन कार्डावर आलेले असतात. कोणी 'युनियनमध्ये लावून देतो' म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर ती फसवणूक आहे. एक रुपयाही देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने यात शेत गहाण टाकलं होतं.

कॅनडाची वाट थोडी वेगळी आहे. तिथल्या व्यवसाय-यादीत सुताराचा क्रमांक ७२३१०, कॅबिनेटवाल्याचा ७२३११ आणि मिलराइटचा ७२४००. कुशल कारागिरांना स्थलांतरासाठी स्वतंत्र विचार मिळतो. तिथे 'रेड सील' ही देशभर मान्य परीक्षा आहे, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. सुतार, फ्लोअरिंग, इंटिरियर सिस्टिम्स, मिलराइट आणि कॅबिनेट यांच्या परीक्षा वेगवेगळ्या. भारतात केलेल्या कामाचे दाखले, पगाराच्या पावत्या, तारखा आजपासूनच जपून ठेवा. आपल्याकडचे मिस्त्री वीस वर्षं काम करतात आणि कागद एकही नसतो.

मुलींनी यावं का?

यावं. युनियनमध्ये 'सिस्टर्स इन द ब्रदरहूड' नावाचं स्त्रियांचं संघटन आहे. पगार करारातला, म्हणजे त्याच कामाला तोच दर, बाई असो वा पुरुष. साइटवर बाया अजून थोड्या आहेत आणि काही जागी वागणूक खटकते, हेही खरं. मला छताचा लेआउट ज्या फोरमनने शिकवला ती बाई होती. वर सांगितलेलं १३ फुटांचं गणित तिचंच.

महाराष्ट्रातल्या सुतारांसाठी असं काही आहे का?

एवढी मोठी सुतारांची युनियन नाही. पण १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून आलेलं कल्याणकारी मंडळ आहे. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेला १८ ते ६० वयाचा कामगार तिथे नोंदणी करू शकतो. सुतार, सेंट्रिंगवाला, फॉल्स सिलिंगवाला, सगळेच. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला मदत मिळते. हा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या उपकरातून येतो, म्हणजे तो तुमच्याच घामाचा आहे. सांगलीत माझ्या चुलतभावाने कंत्राटदाराकडून ९० दिवसांचा दाखला मिळवायला चार महिने खेटे घातले. चिवटपणे मिळवला, आणि त्याच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना मदत झाली. नोंदणी करा आणि दर वर्षी नूतनीकरण विसरू नका.

वडिलांची जुनी हत्यारं आहेत. ती आणू का?

हातहत्यारं ज्याची त्याने आणायची, विजेची यंत्रं कंत्राटदार देतो, ही इथली रीत. पट्ट्यात काय लागेल ते शाखेवर ठरतं. माझ्या पट्ट्यात पत्रा कापायची कात्री, टेप, चॉकची दोरी, छोटी पाणसळ. पटाशी क्वचित, वाकस कधीच नाही. करवत, रंधा उपयोगी पडेल तो फक्त मिलवर्कमध्ये.

तरी मी वडिलांचा रंधा आणला. सागवानी, मुठीपाशी झिजून काळाभोर झालेला. कामावर नेत नाही, घरी कपाटात असतो. गावी गेलो तेव्हा वडिलांना माझं सभासदत्वाचं कार्ड दाखवलं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं आणि चिन्हावर बोट ठेवलं. पट्टी, कंपास आणि रंधा. "हा आपला," म्हणाले.